आभाराचे जेवण: कोणाला, केव्हा आणि कसे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही आठवड्यांत आलेली बरीच पत्रे एकाच विषयाची निघाली. अडचणीच्या वेळी धावून आलेल्या माणसांना जेवायला बोलवायचे आहे, पण ते कोणत्या पद्धतीने, असा त्यांचा सूर आहे. लग्न, बारसे, वास्तुशांती आणि तेरावे यांच्या जेवणाच्या रीती गावोगाव ठरलेल्या आहेत. नवसाचे जेवण, काशीयात्रेनंतरचे मावंदे आणि सप्ताहातील काल्याचा महाप्रसाद यांच्याही आहेत. केवळ माणसांचे आभार मानण्यासाठी घालायच्या जेवणाला मात्र अशी बांधीव रीत नाही, आणि बहुधा म्हणूनच घरोघरी मतभेद होत असावेत. निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न: जून महिन्यात, ऐन पेरणीच्या तोंडावर, माझ्या यजमानांचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडला. आमच्या शेजारच्या पाच घरांनी आमची सोयाबीनची पेरणी करून दिली, पुढे कोळपणीही त्यांनीच केली, आणि आम्ही लातूरला दवाखान्यात असताना म्हशींची धारसुद्धा काढली. शेतावर नेहमी येणाऱ्या दोन मजूर बायांनी खुरपणीच्या चार दिवसांची मजुरी घेतली नाही. त्यांतील एक विधवा आहे. आता सोयाबीनचे पैसे हाती आले आहेत. दीर म्हणतात, मांडव घालून सगळ्या गावाला जेवण देऊ. सासूबाई म्हणतात, त्याच दिवशी सत्यनारायण उरकून घेऊ. मला यातले काहीच पटत नाही, पण नेमके काय करावे हेही सुचत नाही. (एक वाचक, ता. निलंगा)

उत्तर: आपल्याला पटत नाही, ते योग्यच आहे. गावजेवणात पाचशे माणसे जेवून जातात आणि ज्या सात घरांसाठी ते घातले, ती माणसे त्या गर्दीत कुठे बसली हेही कोणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय गावजेवण म्हटले, की शेजाऱ्यांनी सकाळपासून येऊन चुलवण मांडायचे, पाणी भरायचे, कणीक मळायची आणि वाढायलाही त्यांनीच उभे राहायचे, हा आपल्याकडचा शिरस्ता आहे. म्हणजे ज्यांनी आपली पेरणी केली त्यांच्याच डोक्यावर पुन्हा आपल्याच घरचे काम. आभाराच्या जेवणाची पहिली अट माझ्या मते हीच, की ज्याचे आभार मानायचे त्याला त्या दिवशी हात हलवावा लागू नये. स्वयंपाकाला माहेरची माणसे किंवा नणंदा बोलवा. तेवढे हात मिळत नसतील तर पुरणपोळीचा हट्ट सोडा. येसर घातलेली आमटी, भात, वांग्याची भाजी, चपाती, भजी आणि शिरा एवढे नीट झाले तरी कोणी नाव ठेवणार नाही.

सत्यनारायण जरूर करा, पण दुसऱ्या दिवशी. पूजेच्या दिवशी आलेला माणूस प्रसादाला आलेला असतो. कथा लांबते, आरती होते, आणि जेवण देवाच्या नावाने वाढले जाते. सासूबाईंना हे समजावताना देव आणि माणसे अशी तुलना करू नका. पूजेला सगळी भावकी बोलवावी लागेल आणि तिची उठबस करण्यात या सात घरांकडे लक्ष राहणार नाही, एवढे व्यवहाराचे कारण पुरे आहे. तुळजापूरचा काही नवस बोलला असाल, तर तोही वेगळा फेडावा.

आमंत्रण हा या सगळ्यातला महत्त्वाचा भाग आहे आणि लोक नेमका तोच घाईने उरकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकणे किंवा पोराला दारोदार पळवणे या प्रसंगाला शोभत नाही. यजमान काठी टेकत का होईना चालू लागले असतील, तर प्रत्येक दारी त्यांनी आणि आपण जोडीने जावे. ‘घरटी एक’ असे आवतण देऊ नये. चूलबंद द्यावे, कारण पेरणीला एकटा पुरुष आला असला, तरी त्याच्या घरची बाई त्या दिवसांत स्वतःच्या शेताचे आणि घरचे काम एकटी ओढत होती. ‘तुमच्यामुळं आमची पेरणी झाली, येत्या रविवारी तुमची चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी आमच्याकडंच जेवायचं,’ एवढे बोलणे पुरेसे असते. आहेर, टॉवेल-टोपी, नारळ काहीही आणायचे नाही, हेही तेव्हाच स्पष्ट सांगा. नाही तर ‘रिकाम्या हाताने कसे जायचे’ म्हणून गरीब घराला विनाकारण खर्चात पडावे लागते.

आता त्या दोन बायांविषयी. त्यांची मजुरी आणि हे जेवण यांची सांगड घालू नका. चार दिवसांच्या मजुरीचे पैसे जेवणाच्या आधी, त्यांच्या घरी जाऊन, कोणी नसताना पुढे करा. त्यांनी पुन्हा नाकारले तर आग्रह थांबवा. त्यांनी जे प्रेमाने केले त्याला बळेच कामाचे रूप देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र पैसे पाकिटात घालून पंगतीत सर्वांसमोर हातात देणे, हा प्रकार कटाक्षाने टाळा.

आपण पत्रात एक विधवा असल्याचे लिहिले, ते बरे केले. जेवणानंतर बायकांना हळदीकुंकू लावून ओटी भरण्याची पद्धत अनेक घरी आपोआप सुरू होते, आणि चार जणींची ओटी भरली जात असताना पाचवी भिंतीकडे सरकून उभी राहते. तिने तुमच्या शेतात खुरपे चालवले तेव्हा तिचे कुंकू कोणी पाहिले नव्हते. त्या दिवशी हळदीकुंकू ठेवूच नका. काही वस्तू द्यायचीच असेल, तर सातही घरांना एकच आणि सारखी द्या.

पंगतीचा क्रमही उलटा करा. आपल्याकडे पुरुषांची पंगत आधी उठते आणि बायका-पोरे मागून, निवलेल्या भातावर बसतात. या दिवशी बायकांना पहिल्या पंगतीत पुरुषांबरोबर बसवा आणि आपल्या दिरांना वाढायला उभे करा. गावाला जेवण देण्याची त्यांची हौस अशी थोडी तरी फिटेल. यजमानांनी पंगत बसल्यावर एका वाक्यात आभार मानावेत. भाषणे, शाल-श्रीफळ आणि मोबाईलवरचे फोटो यांपासून या जेवणाला दूर ठेवावे. मला हा सत्काराचा सोस मुळीच रुचत नाही, हे येथे लपवत नाही.

दिवस ठरवताना घरटी चौकशी करावी. त्यांत माळकरी असतील तर एकादशी नको. मार्गशीर्षातले गुरुवार नकोत, कारण बऱ्याच बायकांचा उपवास असतो. आठवडी बाजाराचा दिवस नको. हरभऱ्याची पेरणी उरकलेली आणि तुरीची काढणी अजून लांब, असे मधले दिवस मोकळे मिळतात.

आपल्या भागात मार्गशीर्ष अमावास्येची वेळ अमावास्या आहेच, मग त्याच दिवशी सगळ्यांना शेतावर का बोलवू नये, असे कोणी सुचवील. अडचण अशी आहे, की त्या दिवशी ज्याला शेत आहे तो आपल्याच शेतात असतो. कडब्याची कोप करून पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे हे सगळे सोडून तो आपल्या शेतावर कसा येईल? लातूर शहराचे रस्तेसुद्धा त्या दिवशी ओस पडतात. त्या दिवशी ज्यांना शेत नाही अशांना मानाने बोलवायचे असते. तेव्हा मुख्य जेवण सात घरांचे एकत्रच करा, आणि त्या दोन बायांना त्यांच्या पोराबाळांसह वेळ अमावास्येचे आमंत्रण त्याशिवाय द्या. खुरपणी त्यांनी केली तेच रान. तिथली भज्जी त्यांनी खाल्लीच पाहिजे.

प्रश्न: आम्ही छत्रपती संभाजीनगरमध्ये फ्लॅटमध्ये राहतो. आईला मध्यरात्री छातीत दुखू लागले तेव्हा समोरच्या मुस्लिम कुटुंबातील मुलाने स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेले आणि पहाटेपर्यंत तो आमच्याबरोबर थांबला. त्या कुटुंबाला जेवायला बोलवायचे आहे. आमचे घर शाकाहारी आहे. त्यांना ते मिळमिळीत वाटेल का? हॉटेलात नेणे बरे का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: हॉटेलात नेऊ नका, आईला वाचवणाऱ्या मुलाला आईच्या समोर बसून जेवता आले पाहिजे. शाकाहाराबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. आपले शहर नान-खलियासाठी प्रसिद्ध आहे आणि तो पदार्थ त्यांच्या घरी आपल्यापेक्षा शंभरपट चांगला होत असणार. आपण त्याची नक्कल करू नये आणि बाहेरून मागवूही नये. हलालचा प्रश्न मांसाहारात येतो, घरच्या शाकाहारी स्वयंपाकात तो येत नाही, त्यामुळे पाहुण्यांचीही चिंता मिटते. आपल्या घरी जे सर्वांत चांगले जमते तेच करा. पुरण जमत असेल तर पुरणपोळी, तूप आणि येळवणीची आमटी. आमटी जरा झणझणीत असू द्या.

दोन गोष्टी मात्र जपाव्यात. शुक्रवारी दुपारी जुम्याची नमाज असते, तेव्हा त्या वेळेस बोलवू नये, आणि रमजान चालू असेल तर दिवसाचे जेवण सुचवूच नये. इफ्तारला बोलवायचे असेल तर सूर्यास्ताची नेमकी वेळ पाहून खजूर, पाणी आणि फळे आधी तयार ठेवावी लागतात. दुसरी गोष्ट सहसा कोणाला सुचत नाही. आपल्याकडे सणावाराला आधी नैवेद्य दाखवून तेच अन्न पुढे पानात वाढतात. काही मुस्लिम कुटुंबे देवापुढे ठेवलेले अन्न खात नाहीत, काहींना त्याचे काही वाटत नाही. आणि ऐन ताटावर बसल्यावर हे विचारणे दोन्ही बाजूंना अवघड जाते. म्हणून त्यांच्यासाठीचे अन्न नैवेद्याच्या आधी वेगळे काढून ठेवा आणि त्याची वाच्यता करू नका. याहून सोपा मार्ग म्हणजे सणाचा दिवस टाळून साधा रविवार ठरवणे.

त्यांनी ईदला शीरखुर्म्यासाठी बोलावले तर अवश्य जा. ‘आम्ही तुमच्याकडे खात नाही, पण तुम्ही आमच्याकडे या,’ असे आमंत्रण कोणालाही खुपते. आपण शाकाहारी आहात हे त्यांना माहीत आहे. ते आपल्यासाठी वेगळी सोय करतील.

प्रश्न: मी केज तालुक्यातील एका गावात शिक्षक आहे. मी निवडणुकीच्या कामावर असताना वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. शेजारच्या वस्तीवरील एका ऊसतोड जोडप्याने त्यांना उचलून नेले आणि नंतर पंधरवडाभर त्यांचे सगळे केले. त्यांना दोनदा जेवायला बोलावले. दोन्ही वेळा ते आले, पण ओसरीवर चढले नाहीत. अंगणात भिंतीशी बसून जेवले आणि ताट स्वतः विसळून ठेवले. मला फार लाज वाटली. आग्रह केला तर ते आणखी आक्रसले. (एक शिक्षक, जि. बीड)

उत्तर: ते अंगणात का बसतात, हे आपल्याला ठाऊक आहे आणि मलाही. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना कोणी वर या म्हटलेले नाही, आणि आज आपण म्हटले तरी गल्लीतले चार डोळे पाहत आहेत याची त्यांना जाणीव आहे. हात धरून ओसरीवर बसवण्याने आपल्या मनाला बरे वाटेल, पण त्यांचा घास घशाखाली उतरणार नाही. त्यामुळे त्यांना वर ओढण्यापेक्षा आपण खाली उतरा. अंगणात सतरंज्या टाका, आणि आपण, आपली पत्नी, मुले आणि शक्य असल्यास वडीलही खुर्चीत, असे सगळे घर त्यांच्याबरोबर त्याच ओळीत जेवायला बसा. भांडी सगळ्यांची एकसारखी असावीत. त्यांना पत्रावळी आणि घरच्यांना स्टीलचे ताट, किंवा त्यांच्यासाठी ठेवलेला तो कोनाड्यातला वेगळा पेला, यांतले काहीही त्या दिवशी दिसता कामा नये. पेला असेल तर तो त्या दिवसापुरता लपवून ठेवू नका, घरातून काढूनच टाका. जेवण झाल्यावर त्यांनी ताट उचलण्याआधी आपल्या मुलाने ते उचलावे. हे आधी मुलाला सांगून ठेवा, म्हणजे तिथे ओढाताण होणार नाही.

आपल्या मराठवाड्याला हे नवे नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांची कथा सर्वांनी ऐकलेली आहे: श्राद्धाचा स्वयंपाक चुलीवर असताना वाटेने जाणाऱ्या अस्पृश्य कुटुंबाला त्याचा वास आला, पोरांना भूक अनावर झाली, आणि नाथांनी व गिरिजाबाईंनी ब्राह्मणांसाठी रांधलेले ते अन्न त्यांनाच पोटभर वाढले. ब्राह्मणांनी त्यावर बहिष्कार घातला. कीर्तनातून ही कथा वाढण्यापाशीच बहुधा थांबते. नाथ एका महार भक्ताच्या घरी स्वतः जेवायला गेले, ही दुसरी कथा त्या मानाने कमी सांगितली जाते. आपल्या बाबतीत ती अधिक उपयोगाची आहे. त्या जोडप्याच्या खोपटावर एखाद्या संध्याकाळी जाऊन बसा, चहा घ्या, भाकरी दिली तर भाकरी खा. नांदेडला कधी गेला असाल तर सचखंड गुरुद्वाऱ्यातील लंगर पाहिला असेल. तिथे कोण कुठला हे न विचारता सर्वांना एका पंगतीत खाली बसवतात, आणि गुरू गोविंदसिंग यांच्या १७०८ मधील निर्वाणापासून तीर्थ झालेल्या त्या ठिकाणी मराठवाड्यातील किती तरी खेडूत कुटुंबे कसलाही संकोच न करता जेवून येतात. कोणीच उंच आसनावर बसलेले नसल्यामुळे ते जमते.

वेळेचेही भान ठेवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी आली, की हे जोडपे कारखान्याच्या पट्ट्यात निघून जाईल आणि गाळप हंगाम संपल्यावरच, साधारण मार्च-एप्रिलमध्ये परतेल. जाण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत बोलवू नका. तेव्हा त्यांना बिऱ्हाड बांधायचे असते आणि मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची व पोरांची सोय लावायची असते. त्या दिवसांत जेवणापेक्षा शिदोरी उपयोगी पडते: दोन दिवस टिकतील असे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचा ठेचा. त्यांची मुले गावातच राहणार असतील, तर आपण शिक्षक आहात, पुढचे मी सांगायला नको.

प्रश्न: सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमची जमीन खरडून गेली. तलाठी आणि कृषी सहायक चिखल तुडवत बांधावर आले आणि पंचनामा व्यवस्थित केला. मदतीची रक्कम मिळाली. पीक विम्याचे प्रकरण अजून चालू आहे. दोघांना घरी जेवायला बोलवावे का? (एक शेतकरी, जि. धाराशिव)

उत्तर: प्रकरण चालू असेपर्यंत बोलवू नये. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे प्रसंगवशात दिलेले साधे जेवण ही भेट मानली जात नाही. परंतु ज्याच्याशी कार्यालयीन संबंध आहे त्याच्याकडून खर्चिक किंवा वारंवार पाहुणचार घेणे कर्मचाऱ्याने टाळावे, असेही तेच नियम सांगतात. पंचनाम्याला आल्यावर बांधावर दिलेला चहा आणि घरचे जेवण यांत गावाला फरक दिसतो. ज्याचा पंचनामा मनासारखा झाला नाही असा एखादा शेजारी त्या जेवणाकडे बोट दाखवील आणि चांगले काम केलेला माणूस विनाकारण चौकशीत अडकेल. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर देणाराही दोषी ठरू शकतो, हे जाता जाता सांगून ठेवतो, जरी आपल्या मनात तसे काही नाही हे उघड आहे. त्यांच्या कामाचे, तारीख आणि गट क्रमांक घालून, कौतुक करणारे पत्र तहसीलदार आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना लिहा. तक्रारींच्या ढिगात असे पत्र विरळाच येते, आणि त्या दोघांना पंगतीपेक्षा ते अधिक दिवस उपयोगी पडेल.

प्रश्न: निवृत्त झालेल्या एका सरांनी माझ्या मुलाला दोन वर्षे गणित शिकवले आणि एक पैसाही घेतला नाही. मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. त्यांना तीन वेळा बोलावले. दर वेळी काही ना काही कारण सांगून ते टाळतात. त्यांच्या पत्नीला मधुमेह आहे. सरळ घरी जाऊन त्यांना घेऊन यावे का? (एक पालक, परभणी)

उत्तर: आणू नये. तीनदा नकार आला म्हणजे तो नकारच आहे, आणि त्याचे कारण बहुधा पत्नीचे पथ्य किंवा स्वतःचा भिडस्त स्वभाव असावा. चौथ्यांदा विचारले तर त्यांना खोटे कारण शोधावे लागेल. त्यापेक्षा काय चालते ते त्यांच्या पत्नीला फोन करून विचारा आणि जेवण त्यांच्या घरी पोचवा. गोडाचा अट्टहास नको. ज्वारीची गरम भाकरी, पातळ पिठले, एखादी पालेभाजी आणि भाजलेल्या मिरचीचा ठेचा एवढे दोन माणसांच्या बेताने द्या. डबा परत करायचा असेल तर आपल्याकडे तो कोणी रिकामा पाठवत नाही, आणि आजारी बाईला तो भरण्यासाठी पुन्हा चुलीपाशी उभे राहावे लागेल. म्हणून परत द्यावा लागणार नाही अशाच भांड्यात द्या. घेऊन जायला मुलाला एकट्यालाच पाठवा, आपण बरोबर जाऊ नका, आणि पहिल्या सत्राची गणिताची वही बरोबर न्यायला त्याला सांगा.